ऑनलाईन शिकवण्यासाठी आणि स्वतः शिकण्यासाठी घरात केलेली साधनं: तुमची सांगा

सह्याद्रीकाठ
मी पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्तीचं गणित शिकवते. मार्च २०२० मध्ये सगळ्यांसारखीच ऑनलाईनकडे ढकलले गेले. शाळा केव्हाच सुरू झाल्या, तरी संध्याकाळी सातचा ऑनलाईन तास मी बंद केला नाही. माझी चौदा मुलं चार तालुक्यांत विखुरलेली आहेत, आणि पावसाळ्यात घाटाखालच्या वाड्यांतून शिकवणीला येणं शक्यच नसतं.

सुरुवातीचे चार महिने मी स्लाइड करून शिकवत होते. रात्री दोन-दोन तास खपून अपूर्णांकांच्या रंगीत स्लाइड केल्या. मुलं "हो बाई, हो बाई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की काहीच आठवायचं नाही. एकदा नेट फार अडखळत होतं, म्हणून कागदावर उदाहरण सोडवलं आणि तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिताना दाखवा ना. लिहून झालेलं नको."

तेव्हापासून मी माझा चेहरा आणि स्लाइड दोन्ही बाजूला ठेवले आणि हात कसा दाखवता येईल याच्या मागे लागले. त्याच वर्षी पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचं चित्र सगळीकडे फिरलं होतं, कपड्यांच्या हँगरला बांधून टांगलेला मोबाईल. आणखी एका चित्रात फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर ठेवून त्यावर मोबाईल होता. माझी मांडणी त्या दुसऱ्या चित्रावरून केली आहे. पंधरा किलो तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे, त्यांच्यावर फ्रिजची काचेची फळी. डबे साधारण ३५ सेंटिमीटर उंच आहेत. काचेवर मोबाईल उताणा ठेवायचा. मागचा कॅमेरा काचेतून खाली वहीकडे बघतो आणि पडदा वर माझ्याकडे, म्हणजे लिहिता लिहिता मुलंही दिसत राहतात. एवढ्या उंचीवरून आडवा ठेवलेला ए-फोर कागद पूर्ण मावतो.

करता करता काही गोष्टी कळत गेल्या. डोक्यावरचा दिवा नको, मोबाईलची सावली बरोबर कागदावर पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने टेबल लॅम्प डावीकडे ठेवावा. पांढराशुभ्र कागद असला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि हात काळा दिसतो, त्यापेक्षा जुने पिवळट पाठकोरे कागद उत्तम. बारीक टोकाचं बॉलपेन मुलांच्या छोट्या पडद्यावर दिसतच नाही, स्केचपेन घ्यावं आणि एका पानावर सहा-सात ओळींहून जास्त लिहू नये. इअरफोन लावावा, नाहीतर टेबलावर पेन आपटल्याचा आवाज मुलांच्या कानात घणासारखा बसतो.

पण मला खरी किंमत वाटते ती दुसऱ्या साधनाची. प्रत्येक मुलाजवळ एक पाटी. मी प्रश्न देते, सगळे पाटीवर लिहितात, पाटी उलटी धरून ठेवतात आणि मी "तीन" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम कॅमेऱ्यासमोर येतात. कुणाला कुणाचं बघून लिहिता येत नाही. मला एका नजरेत सगळ्यांची उत्तरं दिसतात, आणि कोण चुकलं यापेक्षा कसं चुकलं ते दिसतं. परवा १/२ + १/३ विचारलं. सात पाट्यांवर २/५ होतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मी "चूक" म्हटलं नाही. विचारलं, "अर्धी भाकरी ताटात होती. तिच्यात आणखी थोडी वाढली. मग ती अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकेक पाटी खाली गेली आणि पुसल्याचा आवाज यायला लागला. स्लाइड दाखवत बसले असते तर त्या सात मुलांचं काय चुकतंय हे मला परीक्षेपर्यंत कळलं नसतं.

तुम्ही काय काय केलंय ते लिहा. विकत घेतलेलं नको, स्वतः जुळवलेलं हवं. आणि ते जमलं की फसलं, तेही सांगा.

खडूफळा
फार चांगला धागा. पाटीचं वाचून आनंद झाला. मी चौतीस वर्षं खडूने शिकवलं, आता निवृत्त आहे आणि नातवंडांना व्हिडिओ कॉलवर शिकवतो.

भूमितीसाठी माझं साधन म्हणजे काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी. हे माझं नाही, अरविंद गुप्ता यांचं. १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते सत्तरच्या दशकात गेले होते आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी हे मांडलं. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून केलेल्या खेळण्यांनी किती मुलांना विज्ञानाची गोडी लावली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि त्यांत दोन्हीकडून काड्या खोचायच्या. गुल आधी खरवडून टाकायचा. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा आणि दाबा, लगेच तिरका होऊन समभुज चौकोन होतो. आता त्या चौकोनाला कर्ण लावायचा म्हटलं तर काडी पुरत नाही! माझा नातू तिथे अडला आणि स्वतःच म्हणाला, "आजोबा, ही काडी लांब हवी." किती लांब, हा प्रश्न त्याने विचारला, मी नाही. मग पायथागोरसपाशी जायला आम्हाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ऑनलाईनमध्ये मुलाच्या हातात काहीतरी असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. समोर मोबाईल आणि हात रिकामे असले की लक्ष सुटतं.

तांब्याची_तार
ताई, तुमच्या मांडणीत दोन-तीन गोष्टी जोडतो. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, बायको शिक्षिका आहे, त्यामुळे घरात हे सगळं भोगून झालंय.

१) चित्रात आडवे काळपट पट्टे वर-खाली सरकत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. साधा दिवा त्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि कॅमेरा ६० हर्ट्झ धरून बसला असेल तर दोघांचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' असेल तिथे ५० करा. पट्टे जातात.

२) तास रेकॉर्ड करत असाल तर संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. पण रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. आमच्याकडे बायकोने दीड तासाचा धडा साध्या एमपी-फोरमध्ये रेकॉर्ड केला, शेवटच्या पाच मिनिटांत लाईट गेली आणि अख्खी फाईल उघडेना. साध्या एमपी-फोरमध्ये फाईलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आत संगणक बंद पडला की आधीचं सगळं असूनही वाचता येत नाही. एमकेव्ही मध्येच तुटली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच फाईल मेनूत 'रीमक्स' म्हणून आहे, त्याने काही सेकंदांत एमपी-फोर होते आणि दर्जाही घटत नाही. त्या रात्री ती रडली होती, म्हणून हे ठळकपणे लिहितोय.

३) लाईट गेल्यावर लॅपटॉप चालतो, मोबाईल चालतो, राऊटर मरतो. राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवरचा आकडा बघा. बहुतेक १२ व्होल्ट असतो, काहींचा ९. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची आतली बाजू धन आहे की ऋण, तेही छोट्या खुणेने छापलेलं असतं. ते जुळलं पाहिजे.

सह्याद्रीकाठ
@तांब्याची_तार, पट्ट्यांचं आज संध्याकाळीच करून बघते. दोन वर्षं मला वाटत होतं की मोबाईल जुना झालाय.
@खडूफळा सर, काड्या आणि नळी पुढच्या आठवड्यात सगळ्यांना आणायला सांगते. वाडीवरच्या सायकलच्या दुकानात नळी मिळेलच.

आवाजी
चित्राचं झालं, आवाजाचंही बघा. पोरं धूसर चित्र सहन करतात, घुमणारा आवाज मात्र दहा मिनिटांत थकवतो. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम करते आणि माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं उघडं कपाट आणि दोन गोधड्या.

खोलीत एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'टिंग' असं काही मागे रेंगाळलं तर भिंती आवाज परत फेकतायत. समोरच्या भिंतीवर एक गोधडी, पाठीमागे दुसरी. आईने शिवलेली जुन्या लुगड्यांची, पाच-सहा थरांची गोधडी असेल तर तिच्यासारखं काही नाही. ती भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटं अंतर सोडून टांगा, जास्त आवाज गिळते.

माईक तोंडापासून वीतभर. अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज सहा डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. लांबून बोललेलं विहिरीतून आल्यासारखं वाटतं ते यामुळे. माईक अगदी तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी थोडा तिरका धरा. आपल्या भाषेत भ, फ, ध, घ फार, त्यांचा वारा थेट माईकवर आदळला की फट्फट् येते. पंखा बंद. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण रेकॉर्डिंगपुरता बंदच.

वाडीवरून
सगळं वाचलं. चांगलं आहे. पण एक सांगतो, राग नाही. आमच्या वस्तीवर घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बाबांच्या खिशात. बाबा रात्री आठला येतात. रेंज टेकाडावर. इथे पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची म्हटलं तर कॅमेराच नाही. मी तिथल्या मुलांना शिकवतो, आणि तुमच्या धाग्यातलं अर्धं माझ्या उपयोगाचं नाही याचं वाईट वाटतं.

सह्याद्रीकाठ
तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. माझ्याही चौदांतली दोन मुलं अशीच आहेत. त्यांच्यासाठी मी काय करते ते सांगते, पुरेसं आहे असा दावा नाही. त्यांच्या आईकडे साधा बटणांचा फोन आहे. आठवड्यातून दोनदा दोघांना कॉन्फरन्स कॉलवर घेते, वीस मिनिटं. प्रश्नांचा कागद सोमवारी गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या हाती पोचवलेला असतो. मुलं पाटीवर लिहितात आणि मी "तीन" म्हटलं की एकजण उत्तर वाचतो, दुसरा त्याचं आणि आपलं एकच आहे का ते सांगतो. वेगळं आलं तर दोघांनी एकमेकांना पटवायचं, मी फक्त ऐकते. खरं सांगू, कॅमेऱ्यावरच्या मुलांपेक्षा या दोघांची तोंडी मांडणी जास्त स्पष्ट झाली आहे. रीत बोलून सांगावी लागते ना, "आधी छेद सारखे केले, लसावि सहा आला".

बाबा आठला येतात म्हणालात. मग रात्री साडेआठनंतर ऐकता येतील असे तीन-चार मिनिटांचे ध्वनिमुद्रित धडे पाठवून बघाल का? ऑडिओ फाईल लहान असते, टेकाडावर एकदा उतरवली की घरी रेंजशिवाय चालते.

विद्यार्थी_दुसरा_प्रयत्न
मी शिकवत नाही, शिकतो. राज्यसेवेची तयारी. पहिल्या प्रयत्नात मी फक्त वाचत होतो. पुस्तकं चार-चार वेळा वाचली, पिवळ्या पेनाने रंगवली. प्रश्न समोर आला की "हे पान डावीकडे होतं, वर होतं" एवढंच आठवायचं.

आता माझं साधन म्हणजे मिठाईचं एक खोकं. आत पुठ्ठ्याचे चार पडदे लावून पाच कप्पे केलेत. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. प्रत्येक प्रश्न एका चिठ्ठीवर, उत्तर मागे. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघतो, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. दिवस मी माझ्या सोयीने ठरवलेत. चिठ्ठ्या म्हणजे लग्नपत्रिकांचे पाठकोरे भाग, जाड असतात, टिकतात.

सुरुवातीला चिठ्ठ्या चुकीच्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर "कलम ५१क ची सगळी माहिती". ती दर वेळी अर्धी यायची आणि बरोबर धरायची की चूक तेच कळायचं नाही. आता एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. "कलम ५१क कशाचं?" मूलभूत कर्तव्यांचं. "ते कितव्या घटनादुरुस्तीने आलं, साल?" ४२वी, १९७६. "अकरावं कर्तव्य कोणतं, कधी आलं?" सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं, ८६वी, २००२. एका चिठ्ठीच्या तीन झाल्या आणि तिन्ही आता पाचव्या कप्प्यात आहेत.

मोबाईलवर हेच करायचं तर अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइड आणि संगणकावर फुकट, आणि देवनागरी नीट दिसतं. मी तरी खोक्यावर राहिलो, कारण मोबाईल हातात घेतला की मी बाकीचंही उघडतो. अभ्यासिकेत जाताना मोबाईल मेसच्या डब्यात घालून झाकण लावतो. वेळ धरायला गजराचं साधं घड्याळ. फ्रान्चेस्को चिरिलो यांची टोमॅटोच्या घड्याळाची पद्धत, म्हणजे पंचवीस मिनिटं काम आणि मग थोडी विश्रांती, करून पाहिली. वाचनाला ठीक वाटली, पण निबंध लिहिताना पंचविसाव्या मिनिटाला मी वाक्याच्या मध्यावर असायचो. आता लेखनाला पन्नास मिनिटं, चिठ्ठ्यांना वीस.

खडूफळा
@विद्यार्थी_दुसरा_प्रयत्न, तुम्ही जे लिहिलंत तेच आमच्या जुन्या शाळांत पाढ्यांच्या बाबतीत होत असे. पण एक फरक सांगतो, कारण लोक दोन्हीला घोकंपट्टी म्हणून मोकळे होतात. सगळ्या वर्गाने तालात सतराचा पाढा म्हणणं वेगळं. आमचे गुरुजी पाढे म्हणून झाले की एकेकाला उभं करून मध्येच विचारत, "सतरा साते?" तालाचा आधार गेला की आठवावंच लागतं. पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि निम्म्याचे पाढे, पाठ झाली ती त्या मधल्या प्रश्नांमुळे.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून "सगळं येतंय" असं वाटतं ते फसवं का असतं, ते यात आहे.

वहीत करता येईल असा एक उपाय. आपल्या फुलस्केप वहीला डावीकडे लाल समास असतो, तो सहसा कोरा जातो. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात टिपणं काढायची जी रीत शिकवली, तिच्यात डावा रकाना प्रश्नांसाठी असतो. धडा लिहून झाला की त्या दिवशीच समासात त्याचे प्रश्न लिहायचे. उजळणीला उजवी बाजू पट्टीने झाकायची आणि फक्त समास वाचायचा.

रविवारची_मराठी_शाळा
न्यू जर्सीहून लिहितेय. दर रविवारी मराठी शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवते, थंडीत बर्फ पडला की तास ऑनलाईन. घरात मराठी ऐकतात पण बोलतात इंग्रजीत.

माझ्याकडे फळी नाही, छोटा आरसा आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे तो साधारण पंचेचाळीस अंशात चिकटपट्टीने लावला की कॅमेरा खाली बघतो आणि कीबोर्डवर ठेवलेला कागद दिसतो. चित्र उलटं येतं, ते ओबीएसमध्ये उभं फिरवून घेते आणि तिथलाच व्हर्च्युअल कॅमेरा तासाच्या ॲपमध्ये निवडते. कागद मोठा मावत नाही, पण अक्षरं गिरवून दाखवायला पुरतो.

आमची खरी अडचण 'ळ'. त्यासाठी जोडचिठ्ठ्या केल्या: काल–काळ, वेल–वेळ, माल–माळ. प्रत्येकाच्या घरी तोच संच पाठवला. एक मूल शब्द म्हणतं, बाकीची त्यांना जो ऐकू आला ती चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरतात. म्हणणाऱ्याला लगेच दिसतं की आपण 'काळ' म्हटलं आणि सगळ्यांनी 'काल' दाखवलं. मी काही बोलायच्या आत ते जीभ वळवून पुन्हा म्हणतं. @सह्याद्रीकाठ, "तीन" ची युक्ती आता यात घालते, म्हणजे एकमेकांचं बघून चिठ्ठी बदलायची नाहीत.

तांब्याची_तार
@वाडीवरून, ध्वनिमुद्रित धडे करणार असाल तर वहीवर क्यूआर कोड चिकटवता येतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पण कोड उघडायला त्या क्षणी नेट लागतं, म्हणून तुमच्याकडे सरळ फाईलच द्या. बत्तीस जीबीचं एक मेमरी कार्ड घ्या. बटणांच्या बहुतेक फोनमध्ये कार्डाची जागा असते आणि एमपी-थ्री वाजते. घेण्याआधी तो फोन किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते बघा. फाईलींची नावं इंग्रजी आकड्यांनी सुरू करा, काही जुन्या फोनमध्ये देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

वाडीवरून
मेमरी कार्डाचं डोक्यात आलं नव्हतं. चार घरांतल्या आयांकडे बटणांचे फोन आहेत, त्यांत कार्डाची जागा आहे का ते उद्या बघतो. @आवाजी, माझ्याकडे कपाट नाही, पण शाळेच्या कोठीत तांदळाची पोती आहेत. त्यांच्यामध्ये बसून रेकॉर्ड केलं तर?

आवाजी
पोती उत्तम. भरलेली पोती गोधडीपेक्षा जास्त आवाज गिळतात. दोन्ही बाजूंना आणि पाठीशी रचा, समोर तुमची वही. आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा रेकॉर्ड करून बटणांच्या फोनवरच ऐकून बघा, इअरफोनवर नको. मुलं त्याच स्पीकरवर ऐकणार आहेत.

सह्याद्रीकाठ
पन्नास हर्ट्झ केलं. पट्टे गेले. आज मुलांना सांगितलं नव्हतं, तरी एकाने विचारलं, "बाई, नवीन मोबाईल घेतला का?"

@वाडीवरून, पाचवीच्या अपूर्णांकांचे प्रश्नांचे कागद माझ्याकडे तयार आहेत, बावीस आहेत. हाताने लिहिलेले आहेत पण अक्षर मोठं आहे. इथल्या निरोपातून पत्ता कळवा, सोमवारच्या एसटीने पार्सल पाठवते. सहाव्या कागदावर तेच १/२ + १/३ आहे. त्या आधी मुलांना भाकरीचा प्रश्न विचारू नका, आधी पाटीवर काय येतं ते बघा.